रशियाच्या इतिहासातल्या दंतकथा: पहिल्यांदा कुणी सांगितल्या?

नेपोलियन रशियात गेला, तिथल्या थंडीत त्याची सेना गोठली आणि तो हरला. शाळा संपल्यावर रशियाच्या इतिहासाचं जे दोन-चार ओळींचं ज्ञान आपल्याजवळ उरतं, त्यात ही ओळ असतेच. पुढे तिच्यात भर पडत जाते: विष पचवणारा आणि गोळ्या झेलणारा रास्पुतिन, लेनिनने गादीवरून खेचलेला झार, हिंदुस्थानावर डोळा ठेवून बसलेला रशिया, आणि रशियन माणसाला पिढ्यान्‌पिढ्या हुकूमशहाच लागतो हे सरसकट विधान.

मराठी वाचकाकडे ही माहिती मुख्यतः दोन वाटांनी आली. एक वाट इंग्रजी अमदानीत घडलेल्या पुस्तकांची, जिथे रशिया म्हणजे उत्तरेकडून येणारं संकट. दुसरी वाट सोव्हिएत काळात मॉस्कोहून येणाऱ्या, स्वस्त आणि सुबक मराठी पुस्तकांची, जिथे रशिया म्हणजे श्रमिकांची विजयगाथा. दोन्हींमधून पुष्कळ खरंही आलं. पण दोन्ही वाटांवर कुणीतरी उभं होतं, आणि काय पुढे जाऊ द्यायचं हे ते ठरवत होतं.

म्हणून रशियाबद्दलची एखादी ठसठशीत गोष्ट ऐकली की आधी एक प्रश्न विचारावा असं मला वाटतं. ही गोष्ट पहिल्यांदा कुणी सांगितली, आणि तेव्हा त्याला कशावर पांघरूण घालायचं होतं? मग तारखा आणि आकडे समोर घ्यावेत. या पद्धतीने पाहिलं की बऱ्याच कथा पहिल्या पायरीवरच अडखळतात.

थंडीपासूनच सुरुवात करू.

बर्फ पडण्याआधीच विरलेली सेना

२४ जून १८१२ रोजी नेपोलियनची सेना नेमान नदी ओलांडून रशियन साम्राज्यात शिरली. पहिल्या लाटेत चार लाखांहून जास्त माणसं होती. मागून आलेली कुमक धरली तर आकडा सहा लाखांच्या आसपास जातो. १४ सप्टेंबरला नेपोलियन मॉस्कोत पोचला तेव्हा त्याच्याबरोबर सुमारे एक लाख माणसं होती. या दोन तारखांच्या मध्ये जुलै आणि ऑगस्ट येतात. बर्फ पडायला अजून दीड महिना होता.

कमी झालेले सगळे मेले नव्हते. बरेच जण वाटेतल्या ठाण्यांवर आणि दोन्ही बगलांच्या फौजांमध्ये ठेवलेले होते. पण फार मोठा हिस्सा खरोखरच गेला होता: उन्हाने, हगवणीने, टायफसने, उपासमारीने आणि पळून जाण्याने. मोहिमेच्या पहिल्याच आठवड्यात वादळी पाऊस झाला आणि त्यात हजारो घोडे मेले. कोवळं हिरवं पीक खाऊन त्यांची पोटं आधीच बिघडली होती. घोडे गेले म्हणजे तोफा ओढणारं, धान्याच्या गाड्या ओढणारं बळ गेलं. या मोहिमेत नेपोलियनच्या हातून सगळ्यात आधी निसटले ते घोडे, आणि ते निसटले ऐन उन्हाळ्यात.

पानिपत माहीत असलेल्या मराठी वाचकाला हे चटकन कळेल. आपल्याकडेही लढाईच्या दिवसाआधी काही आठवडे रसद तुटलेली होती, माणसं आणि जनावरं उपाशी होती. १४ जानेवारी १७६१ ला जे घडलं त्याची कारणं त्या दिवसाच्या बरीच आधी सुरू होतात. १८१२ चंही तसंच आहे.

रशियन सेनापती बार्क्ले द तोली याने समोरासमोरची मोठी लढाई टाळली. तो मागे मागे सरकत राहिला आणि शत्रूला लांबत जाणाऱ्या रस्त्यावर ओढत राहिला. या माघारीसाठी त्याला स्वतःच्याच लोकांच्या शिव्या खाव्या लागल्या. बाल्टिक प्रांतातल्या, स्कॉटिश मुळाच्या जर्मनभाषी घराण्यातला हा माणूस, त्याचं नावही रशियन कानाला परकं. त्याच्यावर फितुरीचा संशय घेतला गेला. ऑगस्टमध्ये सरसेनापतिपद कुतुझोव्हकडे गेलं. ७ सप्टेंबरला बोरोदिनोला जी लढाई झाली तिच्यात एका दिवसात दोन्हीकडचे मिळून सत्तर हजारांच्या आसपास लोक मेले किंवा जखमी झाले. तरीही कुतुझोव्हने पुढे तीच माघारीची वाट धरली आणि मॉस्को सोडून दिलं. लोकप्रिय कथेत बार्क्ले जवळजवळ नाहीच, याचं मला फार वाईट वाटतं. ज्या निर्णयांमुळे सेना वाचली, त्यांतले सर्वांत अवघड निर्णय त्याचे होते.

मॉस्को जळलं. नेपोलियन तहाची वाट पाहत तिथे पाच आठवडे बसला. पत्रं पाठवत राहिला, झार अलेक्झांडर उत्तर देईना. तेवढ्यात कुतुझोव्हने मॉस्कोच्या नैर्ऋत्येला तारुतिनोला तळ ठोकला, फौज पुन्हा भरली, घोडे जमवले. १९ ऑक्टोबरला नेपोलियन बाहेर पडला तेव्हा हवा चांगली होती. त्याला दक्षिणेकडच्या, धान्य शिल्लक असलेल्या मुलखातून परतायचं होतं. २४ ऑक्टोबरला मालोयारोस्लावेत्स या छोट्या गावात दिवसभर लढाई झाली. गाव अनेकदा या हातातून त्या हातात गेलं आणि शेवटी फ्रेंचांकडे राहिलं, पण पुढचा रस्ता रशियन सेनेने अडवलेलाच होता. नेपोलियन वळला आणि स्मोलेन्स्कच्या जुन्या रस्त्याला लागला. येताना त्याच्याच सेनेने तो रस्ता लुटून, जाळून मोकळा केला होता. माझ्या मते मोहिमेचा निकाल तिथे लागला. पहिला मोठा बर्फ त्यानंतर जवळजवळ दोन आठवड्यांनी पडला.

थंडीने माणसं मारली, यात शंका नाही. उपाशी, फाटक्या कपड्यांतल्या, घोडे गमावलेल्या माणसांना तिने हजारोंनी मारलं. पण सगळ्यात कडाक्याची थंडी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आली, तोवर सेना म्हणावं असं फारसं काही उरलं नव्हतं. आणि बेरेझिना नदीवर तर उलटंच झालं. नोव्हेंबरच्या शेवटी हवा थोडी उबदार झाली, नदीवरचा बर्फ फुटला. नदी घट्ट गोठलेली असती तर फ्रेंच चालत पार झाले असते. त्याऐवजी फ्रेंच जनरल एब्लेच्या माणसांना बर्फाचे तुकडे वाहत असलेल्या पाण्यात छातीपर्यंत उभं राहून दोन पूल बांधावे लागले. त्या पूल बांधणाऱ्यांपैकी फार थोडे घरी परतले.

मग थंडीची कथा पहिल्यांदा कुणी सांगितली? खुद्द नेपोलियनने. ३ डिसेंबर १८१२ ला त्याने आपलं २९ वं युद्धपत्रक लिहवून घेतलं आणि ते पॅरिसमध्ये छापलं गेलं. त्यात म्हटलं आहे की ६ नोव्हेंबरपर्यंत हवामान उत्तम होतं आणि सेनेची हालचाल यशस्वीपणे चालली होती. थंडी ७ तारखेला सुरू झाली. बाकी संकटांचा क्रम तिथून पुढे. शेवटी सम्राटांची प्रकृती कधी नव्हती इतकी उत्तम आहे, असंही कळवलेलं आहे. पाच लाख माणसांचा हिशेब देण्याची वेळ आली तेव्हा सम्राटाने हवामानाकडे बोट दाखवलं. त्याच महिन्यात लंडनमध्ये ‘जनरल फ्रॉस्ट’, म्हणजे सेनापतीच्या रूपातली थंडी, बुटक्या नेपोलियनची हजामत करतोय असं व्यंगचित्र विकलं जात होतं. म्हणजे हरणाऱ्यालाही ही कथा सोयीची होती आणि त्याच्या शत्रूलाही. रशियन सैनिकाला श्रेय द्यावं असं दोघांनाही वाटत नव्हतं.

हिवाळा खरोखरच रशियाच्या बाजूने लढत असता तर ३० नोव्हेंबर १९३९ ला फिनलंडवर चालून गेलेल्या सोव्हिएत सेनेचे साडेतीन महिन्यांत सव्वा लाखाच्या आसपास सैनिक मेले नसते. १९४१ मध्येही जर्मन सेना मॉस्कोजवळ थांबली ती फक्त पारा उतरला म्हणून थांबली नाही. नोव्हेंबरच्या अखेरीपर्यंत तिचे मृत, जखमी आणि बेपत्ता मिळून सात लाखांहून जास्त लोक कमी झाले होते, रेल्वे पुरवठा ओढू शकत नव्हती, आणि ५ डिसेंबरला समोरून प्रतिहल्ला सुरू झाला. पुढे लाल सैन्याने जर्मनीचं कंबरडं मोडलं ती कुर्स्कची लढाई जुलै-ऑगस्टमधली, आणि १९४४ मधली बेलारूसची मोठी मोहीम जूनमधली.

झार गेला तेव्हा लेनिन कुठे होता?

‘१९१७ मध्ये लेनिनने झारशाही उलथवली’ हे वाक्य मी चांगल्या वाचणाऱ्या लोकांकडूनही ऐकलं आहे. ते चुकीचं आहे, आणि ही चूक तपशिलापुरती राहत नाही. तिच्यामुळे संपूर्ण वर्षाचा अर्थ बदलतो.

झार निकोलस दुसरा याने १५ मार्च १९१७ ला गादी सोडली. (त्या वेळचं रशियन पंचांग आपल्या दिनदर्शिकेपेक्षा १३ दिवस मागे होतं. म्हणून तिथे ती २ मार्च होती, आणि म्हणूनच ‘फेब्रुवारी क्रांती’ मार्चमध्ये आणि ‘ऑक्टोबर क्रांती’ नोव्हेंबरमध्ये येते. इथे सगळ्या तारखा आपल्या दिनदर्शिकेप्रमाणे दिल्या आहेत.) त्या दिवशी लेनिन स्वित्झर्लंडमध्ये, झुरिचला होता. जानेवारीत तिथल्या तरुण समाजवाद्यांपुढे बोलताना त्याने म्हटलं होतं की येणाऱ्या क्रांतीच्या निर्णायक लढाया पाहायला आम्ही वयस्कर मंडळी कदाचित जिवंत नसू. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत राजवट कोसळली.

ती कोसळवली कुणी? ८ मार्चला, आंतरराष्ट्रीय महिला दिनी, राजधानी पेत्रोग्रादच्या (आजचं सेंट पीटर्सबर्ग) व्हिबोर्ग भागातल्या कापडगिरण्यांमधल्या बायका संप करून रस्त्यावर आल्या. शहरात पावाच्या रांगा तासन्‌तास लागत होत्या. देशात धान्य होतं, पण युद्धाने रेल्वे खिळखिळी केली होती, शेतकऱ्याला रोडावलेल्या रुबलमध्ये धान्य विकायचं नव्हतं आणि माल राजधानीपर्यंत येत नव्हता. बायकांनी शेजारच्या कारखान्यांतल्या कामगारांना बाहेर बोलावलं. दोन दिवसांत शहर बंद पडलं. सैन्याने गर्दीवर गोळ्या झाडल्या, आणि दुसऱ्या दिवशी, १२ मार्चला, त्याच सैन्यातल्या पलटणी बंड करून लोकांच्या बाजूला गेल्या. शेकडो माणसं मेली. कुठल्याही एका पक्षाने हे ठरवून घडवलेलं नव्हतं.

रास्पुतिनची कथा या ठिकाणी मध्ये येते आणि दृष्टी अडवते. राणीवर मोहिनी घालणाऱ्या एका ‘साधू’ने साम्राज्य बुडवलं, असं म्हटलं की पावाच्या रांगा, रेल्वे आणि युद्धावरचा खर्च यांबद्दल बोलायची गरज राहत नाही. रास्पुतिन हा पोक्रोव्हस्कोये या सायबेरियन गावातला शेतकरी होता. तो संन्यासी नव्हता. त्याला बायको आणि मुलं होती. राजपुत्र अलेक्सेईला हिमोफिलिया होता, रक्त थांबत नसे, आणि या माणसामुळे मुलाला आराम पडतो यावर आईचा विश्वास बसला होता. त्यातून दरबारात त्याचं वजन वाढलं, काही नेमणुका त्याच्या शब्दावर झाल्या. पण सरसेनापतिपद स्वतःकडे घेऊन राजधानी सोडण्याचा १९१५ चा आत्मघातकी निर्णय झारचा होता. आणि विष, गोळ्या, नदी असं सगळं पुरून उरणारा रास्पुतिन आपल्याला कुणाकडून मिळाला? त्याला मारणाऱ्या प्रिन्स युसुपोव्हच्या आठवणींतून. मारलेला माणूस सैतान ठरला तरच मारणारा नायक ठरतो. जवळून झाडलेल्या गोळीने मृत्यू झाला, एवढंच शवविच्छेदनातून पुढे आलं.

नोव्हेंबरमध्ये लेनिनच्या बोल्शेविक पक्षाने जे सरकार पाडलं ते झारचं नव्हतं. मार्चनंतर आलेलं, केरेन्स्कीच्या नेतृत्वाखालचं हंगामी सरकार होतं ते. त्याने राजकीय स्वातंत्र्य दिलं, पण लोकांना हवं असलेलं मुख्य काहीच दिलं नाही: युद्ध थांबवलं नाही, जमिनीचा प्रश्न पुढे ढकलला. म्हणून ते पोकळ झालं होतं.

आणि हे सरकार जिथे बसत होतं त्या हिवाळी महालावरचा तो प्रसिद्ध हल्ला? हजारो कामगार-सैनिक चौकातून धावत सुटलेत, उंच लोखंडी दारावर चढतायत, हे दृश्य आपल्या डोळ्यांपुढे येतं ते १९२० मधल्या एका सोहळ्यामुळे आणि १९२७ मध्ये चित्रित झालेल्या एका मूकपटामुळे. क्रांतीच्या तिसऱ्या वाढदिवशी त्याच चौकात हजारो कलाकारांना घेऊन दिग्दर्शक येव्रेइनोव्हने तो प्रसंग नाट्यरूपात उभा केला. त्या प्रयोगाचं छायाचित्र पुढे पुस्तकांत खऱ्या हल्ल्याचं म्हणून छापलं जाऊ लागलं. ७ नोव्हेंबरच्या खऱ्या रात्री महालाच्या रक्षणाला लष्करी शाळांतले तरुण आणि महिला बटालियनची एक तुकडी होती, त्यांच्यातलेही बरेच जण कंटाळून निघून गेले होते. केरेन्स्की सकाळीच शहराबाहेर पडला होता. ‘अवरोरा’ जहाजाने कोरा बार उडवला. लोक तुकड्या-तुकड्यांनी आत शिरले आणि मध्यरात्र उलटल्यावर मंत्र्यांना अटक झाली. मृत्यू अगदी मोजके. त्या संध्याकाळी पेत्रोग्रादमध्ये ट्राम चालू होत्या आणि नाटकघरंही. रक्त मॉस्कोत सांडलं, जिथे आठवडाभर लढाई चालली आणि शेकडो लोक मेले. त्यावर कुणी एवढा मोठा देखावा रचला नाही.

या भव्य चित्राने आणखी एक गोष्ट झाकली. त्या घटनेनंतर काही आठवड्यांत संविधान सभेसाठी देशभर निवडणूक झाली. चार कोटींहून जास्त लोकांनी, बायकांसह, मत दिलं. बोल्शेविकांना सुमारे एक चतुर्थांश मतं मिळाली. शेतकऱ्यांचा समाजवादी क्रांतिकारी पक्ष बराच पुढे होता. ही सभा १८ जानेवारी १९१८ ला एकदाच भरली. पहाटे एका खलाशाने ‘पहारेकरी दमले आहेत’ असं सांगून सभागृह रिकामं करायला लावलं, आणि ती पुन्हा भरू दिली गेली नाही. ‘संपूर्ण जनता महालावर तुटून पडली’ असं चित्र लावून ठेवलं की ही मतपेटी आठवत नाही.

हिंदुस्थानावरचा डोळा

ही कथा आपल्या अंगणातली आहे. रशियाला उबदार पाण्याचं बंदर हवं, त्यासाठी तो अफगाणिस्तानातून हिंदुस्थानात उतरणार, आणि हा बेत खुद्द पीटर द ग्रेटने मृत्युपत्रात लिहून ठेवला आहे, असं एकोणिसाव्या शतकात युरोपभर छापलं जात होतं. त्या तथाकथित मृत्युपत्रात एक कलम होतं: कॉन्स्टँटिनोपल आणि हिंदुस्थान यांच्या शक्य तेवढं जवळ जा.

पीटर १७२५ मध्ये वारला. असं कुठलंही मृत्युपत्र त्याने लिहिलेलं नाही. त्याचा मसुदा फ्रान्सच्या सरकारकडे पोचवला तो रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रियाने पोलंड वाटून घेतल्यावर परागंदा झालेल्या एका पोलिश अधिकाऱ्याने, १७९० च्या दशकात. आणि तो छापून पसरला कधी? १८१२ मध्ये, नेपोलियन रशियावर निघाला तेव्हा, त्याच्याच सरकारच्या सेवेतल्या लेखकाच्या पुस्तकातून. स्वारीला कारण हवं होतं. एकोणिसाव्या शतकातच इतिहासकारांनी तो कागद बनावट असल्याचं दाखवून दिलं, पण दर युद्धाला तो पुन्हा छापला जात राहिला.

हिंदुस्थानवर स्वारीचा एक खरा हुकूम मात्र सुटला होता. जानेवारी १८०१ मध्ये झार पॉलने डॉन नदीकाठच्या सुमारे २२ हजार कोसॅक घोडेस्वारांना हिंदुस्थानकडे कूच करायला सांगितलं. पुढच्या मुलखाचे धड नकाशे नव्हते, पुरवठ्याची सोय नव्हती. मार्चमध्ये पॉलचा त्याच्याच शयनगृहात खून झाला आणि नव्या झारने फौज परत बोलावली. ती व्होल्गा ओलांडून थोडी पुढे गेली होती, इतकंच.

पुढे रशियाने मध्य आशिया जिंकला, १८६५ मध्ये ताश्कंद घेतलं, हे खरं साम्राज्यवादी आक्रमण होतं आणि ते तिथल्या लोकांनी भोगलं. पण कलकत्ता आणि लंडनमधल्या अधिकाऱ्यांनी ‘रशिया येतोय’ या भीतीवर जे उभं केलं त्याची किंमत अफगाणांनी आणि हिंदी शिपायांनी मोजली. १८३९ चं पहिलं अफगाण युद्ध त्यातूनच झालं. जानेवारी १८४२ मध्ये काबूलहून माघार घेताना जी फौज कापली गेली किंवा गारठून मेली, तिच्यात बहुसंख्य हिंदी शिपाई आणि त्यांच्यासोबतचे नोकरचाकर होते.

आणि हिंदुस्थानात येऊन ज्याने प्रवासवर्णन लिहिलं तो पहिला ज्ञात रशियन कोण? त्वेर शहरातला व्यापारी अफनासी निकितिन. व्होल्गावर लुटला गेलेला, इराण आणि होर्मुझमार्गे एक घोडा घेऊन १४६९ च्या सुमारास चौलला, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यात उतरलेला. तिथून तो जुन्नरला गेला. तिथल्या बहमनी सरदाराने त्याचा घोडा काढून घेतला, धर्म बदल म्हणून दबाव आणला. एका खोरासानी ओळखीच्या माणसाने मध्यस्थी केली तेव्हा घोडा परत मिळाला. मग बिदर. त्याला कुठल्याही राजाने पाठवलं नव्हतं. नंतर त्याला रशिया-भारत मैत्रीचा अग्रदूत म्हणून गौरवलं गेलं, रेवदंड्याला त्याचं स्मारकही आहे, पण त्याच्या वहीत वेगळाच सूर आहे. आमच्या मुलखासाठी इथे काही माल नाही, मला खोटं सांगितलं, अशी त्याची तक्रार आहे. मिरी आणि रंग स्वस्त, पण समुद्रावर चाचे आणि वाटेत जकाती. घराच्या ओढीने तो परत निघाला आणि स्मोलेन्स्कच्या जवळ, घर गाठण्याआधीच वारला. मला हा एकटा, कर्जात बुडालेला, उपासाच्या तिथी विसरल्याबद्दल देवाची माफी मागणारा माणूस कुठल्याही अग्रदूतापेक्षा जास्त जवळचा वाटतो.

‘त्यांना हुकूमशहाच लागतो’

या विधानाला उत्तर द्यायला नोव्हगोरोद पुरेसं आहे. ११३६ मध्ये या शहराने आपल्या राजाला हाकलून दिलं आणि पुढे सुमारे साडेतीनशे वर्षं राजे जवळजवळ कराराने ठेवले. न पटल्यास वाट दाखवली. स्वीडिश सैन्याला नेव्हा नदीकाठी हरवणाऱ्या अलेक्झांडर नेव्हस्कीलाही विजयानंतर थोड्याच महिन्यांत शहर सोडावं लागलं. महत्त्वाचे निर्णय नगरसभेत होत, कारभारी निवडले जात. ही आजच्या अर्थाने लोकशाही नव्हती, श्रीमंत घराण्यांचा वरचष्मा होताच, पण हुकूमशाही तर नव्हतीच नव्हती. १९५१ पासून तिथल्या चिखलात भूर्जाच्या सालीवर कोरलेली पत्रं सापडू लागली, आता त्यांची संख्या हजाराच्या वर आहे. उधारी, लग्नाची मागणी, नवऱ्याची तक्रार, सगळं त्यात आहे. तेराव्या शतकातल्या ओन्फिम नावाच्या पोराने मुळाक्षरं गिरवता गिरवता घोड्यावर बसलेल्या वीराचं चित्र काढलेलं आहे. १४७८ मध्ये मॉस्कोच्या इव्हान तिसऱ्याने हे शहर घेतलं आणि नगरसभेची घंटा उतरवून मॉस्कोला नेली. एकछत्री सत्ता तिथल्या मातीत उगवलेली नव्हती, ती फौज पाठवून लादावी लागली.

भूदासपणाचंही, म्हणजे शेतकऱ्याला जमीनदाराच्या जमिनीशी बांधून ठेवणाऱ्या पद्धतीचंही तसंच. तो कायद्याने पक्का झाला १६४९ मध्ये आणि संपला १८६१ मध्ये. सायबेरिया आणि उत्तरेकडच्या शेतकऱ्यांनी जमीनदारच जवळजवळ पाहिला नाही. सुटका झाली त्या सुमाराला जमीनदारांचे भूदास लोकसंख्येच्या निम्म्याहून कमी होते.

आणि सम्राज्ञी कॅथरीनचा मंत्री पोटेमकिन याची खोटी, पुठ्ठ्याची गावं? १७८७ मध्ये कॅथरीनला क्रिमियाच्या वाटेवर ती दाखवली, ही कथा पसरवणारा सॅक्सनीचा मुत्सद्दी हेल्बिग त्या प्रवासात नव्हताच. जे होते त्यांच्यापैकी प्रिन्स द लीन्य याने ती खोटी असल्याचं लिहून ठेवलं. रंगरंगोटी आणि कमानी होत्या, राजा येणार म्हटल्यावर त्या सगळीकडेच असतात. सेव्हास्तोपोलचं आरमार मात्र खरं होतं, आणि त्याच वर्षी तुर्कस्तानशी युद्ध पेटल्यावर ते लढलंही.

आज घडत असलेल्या कथा

जुन्या कथा तपासणं तुलनेने सोपं आहे, सांगणारे केव्हाच गेले. आजच्या कथांमागे सरकारं उभी आहेत.

जुलै २०२१ मध्ये व्लादिमिर पुतिन यांनी एक लांबलचक लेख प्रसिद्ध केला: रशियन आणि युक्रेनियन हे एकच लोक. सात महिन्यांनी, २४ फेब्रुवारी २०२२ ला, युक्रेनवर मोठं आक्रमण झालं. या मांडणीत एक अर्धसत्य आहे. कीव्हच्या मध्ययुगीन रुस राज्यातून तिन्ही देश, म्हणजे रशिया, युक्रेन आणि बेलारूस, आपली परंपरा सांगतात. पण ९८८ मध्ये कीव्हच्या राजाने ख्रिस्ती धर्म स्वीकारला तेव्हा मॉस्कोचं नावही कुठल्या नोंदीत नव्हतं. ते पहिल्यांदा येतं ११४७ मध्ये. नंतर मंगोल आक्रमण झालं आणि हे प्रदेश शतकानुशतकं वेगवेगळ्या राज्यांखाली, वेगळ्या कायद्यांखाली वाढले. मूळ एक म्हणून एकाने दुसऱ्यावर मालकी सांगावी, हे इतिहासातून निघत नाही.

दुसऱ्या महायुद्धाबद्दल आपणही सहज ‘रशियाने दोन कोटी माणसं गमावली’ म्हणतो. सोव्हिएत संघाचे सुमारे २ कोटी ७० लाख लोक मेले, आणि त्यात युक्रेनियन, बेलारूसी, ज्यू, उझबेक, कझाक, जॉर्जियन, तातार होते. बेलारूसने आपल्या लोकसंख्येचा जवळजवळ चौथा हिस्सा गमावला. बर्लिनच्या राइशस्टागवर, म्हणजे जर्मन संसदेच्या इमारतीवर, झेंडा लावतानाचं जगप्रसिद्ध छायाचित्र काढणारा येव्हगेनी खाल्देई हा आजच्या दोनेत्स्क शहरात जन्मलेला ज्यू होता. विजयाचा मान एका जमातीकडे सरकवायला सुरुवात कुणी केली, याची तारीखही आहे: २४ मे १९४५, क्रेमलिनमधली मेजवानी. स्तालिनने तिथे रशियन लोकांच्या नावाने प्याला उंचावला, संघातलं सर्वांत श्रेष्ठ राष्ट्र म्हणून. त्याच्या एक वर्ष आधी, मे १९४४ मध्ये, त्याने क्रिमियातल्या सगळ्या तातारांना, आघाडीवर लढणाऱ्यांच्या आईबापांसकट, मालगाड्यांत भरून मध्य आशियात पाठवलं होतं.

आणि एक कथा तर आपल्या डोळ्यांदेखत रचली जाते आहे. फिनलंडला लागून असलेल्या कारेलिया प्रांतात संदारमोख नावाची जंगलातली जागा आहे. १९९७ मध्ये सोव्हिएत काळातल्या दडपशाहीचा शोध घेणाऱ्या ‘मेमोरियल’ या संस्थेच्या संशोधकांना तिथे सामूहिक कबरी सापडल्या. १९३७-३८ च्या दडपशाहीत हजारो माणसांना इथे गोळ्या घातल्या गेल्या होत्या. त्यांत सोलोव्हकी बेटांवरच्या तुरुंगातून आणलेले १,१११ कैदी होते, युक्रेनियन लेखक-कलावंतांची एक अख्खी पिढी त्यांच्यामध्ये होती. गेल्या काही वर्षांत सरकारशी जोडलेल्या सैनिकी इतिहास संस्थेने असं मांडायला सुरुवात केली आहे की इथे फिन्नी सैन्याने मारलेले सोव्हिएत युद्धकैदीही पुरलेले आहेत. २०१८ आणि २०१९ मध्ये तिने तिथे खोदकामही केलं. कबरी शोधणाऱ्यांपैकी एक, युरी द्मित्रियेव्ह, यांना डिसेंबर २०१६ मध्ये अटक झाली. त्यांच्यावरचे आरोप रचलेले आहेत असं मानवाधिकार संघटनांचं म्हणणं आहे. २८ डिसेंबर २०२१ ला रशियाच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘मेमोरियल’ बरखास्त करण्याचा आदेश दिला.

पण १९३७ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये त्या जंगलात कुणाला मारलं याच्या याद्या गुप्त पोलिसांनी स्वतःच केलेल्या आहेत. नाव, तारीख, आणि गोळ्या घालण्याचं काम पार पाडणारा अधिकारी मात्वेयेव्ह याची सही. त्या याद्यांच्या प्रती आता छापून झाल्या आहेत, आणि रशियाबाहेरही आहेत.